दोन संशयांचा संसार

लग्नाला वर्ष उलटले की घरातल्या नव्या सुनेला एक प्रश्न विचारण्याचा परवाना आपल्याकडे ज्याला त्याला मिळतो. "काय, काही विशेष?" हा तो प्रश्न. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला विचारतात, मावससासूबाई कोणाच्या तरी बारशाला विचारतात, आणि एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा कंडक्टर तिकीट देऊन पुढे सरकतो न सरकतो तोच विचारते. दिवाळीत तर या प्रश्नाला फराळाच्या ताटाइतकाच मान असतो. विचारणाराचा हेतू वाईट नसतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रश्न तोच राहून आवाज तेवढा खाली येतो, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी प्रश्न बंद होऊन नुसती नजर उरते. त्या नजरेला उत्तर देणे फार कठीण असते.

हे दुःख आपल्या ओळखीचे आहे. ओव्यांपासून कादंबऱ्यांपर्यंत त्याच्या खुणा मराठीत जागोजाग सापडतात. परंतु अलीकडे या जुन्या दुःखाला एक नवे सोबती मिळाले आहे. मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात; त्यांतच सांधेदुखी, सततचा थकवा, केस गळणे, तोंडात फोड येणे अशा फुटकळ वाटणाऱ्या तक्रारी निघतात; आणि डॉक्टर म्हणतात, "शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटली असावी, असा संशय आहे. आणखी काही तपासण्या करू." झाले! मूल का होत नाही ते ठाऊक नाही, आणि आजार आहे की नाही तेही ठाऊक नाही, अशा दोन संशयांच्या मधोमध एक संसार उभा राहतो. तो संसार कसा निभवावा, याविषयी चार शब्द सांगावेत एवढाच या लेखाचा हेतू. संशयाला संशयाइतकेच वजन द्यावे, त्याचा निकाल करून टाकण्याची घाई घराने करू नये, नवराबायकोंनी करू नये, आणि औषध देणारानेही करू नये, हे या चार शब्दांचे सार.

भाषेने आधीच दिलेला निवाडा

मराठी शिकवण्याचा व्यवसाय असल्यामुळे शब्दांकडे लक्ष जाण्याची मला खोड आहे. 'वांझ' हा आपला शब्द पाहा. बाई वांझ असते, गाय-म्हैस वांझ असते, झाड वांझ असते. सभेतली चर्चासुद्धा वांझोटी असते. पण 'वांझ नवरा' असे म्हटलेले कोणी ऐकले आहे काय? पुरुषासाठी आपण 'निपुत्रिक' हा भारदस्त शब्द राखून ठेवला आहे. त्याचा अर्थ 'पुत्र नसलेला' एवढाच. तीन मुलींचा बापही त्या अर्थाने निपुत्रिकच ठरतो! म्हणजे दोष कोणाचा याचा निवाडा भाषेने वैद्याकडे जाण्यापूर्वीच देऊन ठेवला आहे.

वैद्यकाचा निवाडा मात्र वेगळा आहे. गर्भनिरोधक साधने न वापरता बारा महिने नियमित सहवास होऊनही दिवस राहिले नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच तपासणी सुरू करावी, असे तज्ज्ञ सांगतात. याच संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील सहा प्रौढ माणसांपैकी साधारण एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो. आणि अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणाच्या जोडीने, सापडते. पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्व तपासण्यांत स्वस्त, बिनवेदनेची आणि एका सकाळीत उरकणारी. तरी ती बहुधा सर्वांत शेवटी होते. तोवर बायकोच्या सोनोग्राफ्यांचा गठ्ठा जमलेला असतो.

महाराष्ट्राला हे कोणी सांगितलेच नव्हते, असेही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मूल झाले नाही. आप्तांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला, तेव्हा जोतीरावांनी तो साफ धुडकावला. कमीपणा कोणात आहे हे ठाऊक नसताना बायकोवर सवत आणणे हा अन्याय होय, आणि तोच न्याय उलटा लावून बायकोने दुसरा नवरा केला तर ते पुरुषाला चालेल काय, अशा आशयाचे त्यांचे उत्तर चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. वीर्यतपासणीची प्रयोगशाळा नव्हती त्या काळातले हे उत्तर आहे.

जागल्याच घरच्यांवर धावला तर

आता दुसऱ्या संशयाकडे वळू. आपल्या रक्तात संरक्षक पेशी असतात. बाहेरून आलेला जंतू ओळखायचा आणि त्याच्यावर तुटून पडायचे, हे त्यांचे काम. गावात पूर्वी रात्री गस्त घालणारा जागल्या असे. गावकरी कोण आणि परका कोण हे त्याला अंधारातही कळे. पण समजा, त्याची ओळखच चुकू लागली आणि त्याची काठी घरच्याच माणसांच्या पाठीत बसू लागली, तर? शरीरात असे घडते त्याला स्वयंप्रतिकाराचा विकार म्हणतात. काठी सांध्यांवर बसली तर एक प्रकारचा संधिवात होतो, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवर बसली तर ती मंदावते, कातडी, मूत्रपिंड, सांधे अशी अनेक ठिकाणी बसली तर ल्यूपस नावाचा आजार होतो.

असे काही घडू शकते हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षे पटत नव्हते. शरीर स्वतःवर असा हल्ला होऊ देणार नाही, असे गेल्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाचे मत होते, आणि त्यांच्या शब्दाला मान होता. जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींत आढळलेले विलक्षण बदल वर्णन केले; पण त्यांचा उलगडा व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक व त्यांचे सहकारी यांना अशा रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. अमेरिकेत नोएल रोज व अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांवर प्रयोग करून तीच गोष्ट दाखवली. म्हणजे ज्या विद्येच्या आधारे आज डॉक्टर संशय व्यक्त करतात, ती विद्या आपल्या आजीच्या लग्नाएवढीच जुनी आहे. तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असेल अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

हे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतात; ल्यूपसच्या दहा रोग्यांत नऊ स्त्रिया असतात. आणि ते नेमके वीस ते चाळीस या वयात, म्हणजे पाळण्याची वाट पाहण्याच्याच वर्षांत डोके वर काढतात. दोन संशय एकाच घरी येतात ते यामुळे.

पाळण्याच्या आड काय येते

सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत सहज सापडणारा विकार थायरॉइडचा. ग्रंथी मंदावली की पाळी अनियमित होते, बीज वेळेवर सुटत नाही. त्याची पहिली तपासणी तालुक्याच्या गावीही होते, आणि सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या एका लहानशा गोळीने काम भागते. निर्जळी उपवासाच्या दिवशी ही गोळी हमखास चुकते. ती चुकवू नये.

दुसरा विकार गव्हाशी निगडित आहे. सीलिअॅक नावाच्या या विकारात गहू व जव यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, आणि या विकाराची मुले मात्र सुधारू लागली. बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी आधीपासूनच शंका होती. ती या अनुभवाने बळावली. काही स्त्रियांत जुलाब वगैरे काही न होता नुसता न हटणारा पंडुरोग आणि मूल न होणे, एवढ्याच रूपाने हा विकार दिसतो. आपल्या मराठवाड्याची ज्वारीची भाकरी ग्लूटेनपासून मुक्त आहे, हे आपले भाग्यच. पण तपासणी होण्यापूर्वी गहू सोडून देऊ नये. सोडला तर तपासणीत विकार दिसतच नाही.

तिसऱ्या विकारात दिवस राहतात, पण टिकत नाहीत. रक्तातील काही प्रतिद्रव्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात आणि गर्भाचे पोषण खुंटते. लंडनचे डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ साली हा विकार नीट मांडला. त्याचे नाव लांबलचक असून डॉक्टरमंडळी त्याला थोडक्यात 'एपीएस' म्हणतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीने याची तपासणी करून घ्यावीच, कारण यावर उपाय आहे.

चौथा ल्यूपस. त्याने दिवस राहण्यात सहसा अडथळा येत नाही. पण आजार भडकलेला असताना दिवस राहिले तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. म्हणून निदान सहा महिने आजार शांत असावा, मगच विचार करावा, असे तज्ज्ञ सांगतात. या आजारातली काही औषधे गर्भाला घातक असतात आणि काही चालू ठेवणेच हिताचे असते. कोणती सोडायची आणि कोणती नाही, हे फक्त डॉक्टरांनी ठरवायचे.

पाचवे कारण स्त्रीबीजकोशाचे. चाळिशीच्या आत पाळी जाणाऱ्या स्त्रियांपैकी काहींत प्रतिकारशक्तीचा हल्ला बीजकोशावर झालेला असतो. या विषयावरचे मोलाचे काम आपल्या मुंबईत झाले आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत पायर्स व वृंदा खोले यांनी मूल न होणाऱ्या आणि अकाली पाळी गेलेल्या स्त्रियांच्या रक्तातील प्रतिद्रव्यांचा माग काढला. ही प्रतिद्रव्ये बीजकोशातल्या ज्या प्रथिनांवर जाऊन चिकटतात त्यांतले एक प्रमुख प्रथिन त्यांनी ओळखले, आणि त्यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. अशी प्रतिद्रव्ये सापडली म्हणजे मूल न होण्याचे कारण सापडलेच, असे मात्र अजून म्हणता येत नाही.

'पॉझिटिव्ह' म्हणजे काय हो?

माझ्या जुन्या विद्यार्थिनी कधीकधी फाईल घेऊन येतात. कागद इंग्रजीत असतात, आणि घरात वाचणारे कोणी नसते. मग मराठीची का होईना, शिकवणारी बाई बरी! एकीने विचारले होते, "मॅडम, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलेच ना?" तिच्या नवऱ्याला मात्र करोनाच्या दिवसांपासून त्या शब्दाची धास्ती होती. एकाच कागदाने एक जण आशेवर होती आणि दुसरा हबकला होता. वास्तविक दोघांचेही चुकत होते.

तिच्या हातातला कागद 'एएनए' नावाच्या तपासणीचा होता. शरीर स्वतःविरुद्ध प्रतिद्रव्ये करते आहे काय, याचा हा पहिला अंदाज. रक्तातला द्रव पातळ करीत जायचे आणि किती पातळ केल्यावरही खूण दिसते ते पाहायचे, अशी ही पद्धत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पाहणीत धडधाकट माणसांचे रक्त असे तपासले होते. चाळीस पट पातळ केल्यावर शंभरांतील सुमारे बत्तीस निरोगी माणसे 'पॉझिटिव्ह' निघाली. एकशेसाठ पट पातळ केल्यावरही पाच निघालीच! तेव्हा एकट्या या कागदावरून कोणी आजारी ठरत नाही. अंगावरची लक्षणे, इतर तपासण्या आणि डॉक्टरांची नजर या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

एपीएसच्या बाबतीत तर नियमच आहे. प्रतिद्रव्ये एकदा सापडली तरी किमान बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची, आणि तेव्हाही सापडली तरच निदान पक्के मानायचे. कारण साध्या तापानंतरही ती काही काळ दिसून नाहीशी होतात. हे बारा आठवडे घरच्यांना युगासारखे वाटतात. "डॉक्टरांना काही कळत नाही, दुसरीकडे चला," असे म्हणून या काळात डॉक्टर बदलले जातात, आणि नव्या डॉक्टरकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. वास्तविक ही थांबण्याची मुदत उपचाराचाच भाग आहे.

घाईने काय होते याचे दाखले वैद्यकात आहेत. कॅनडात टोरोंटो येथे दोनशे दोन स्त्रियांवर केलेला एक प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांचे गर्भ वारंवार गेले होते आणि रक्तात काही ना काही स्वयंविरोधी प्रतिद्रव्ये होती. निम्म्या स्त्रियांना स्टेरॉइड व अॅस्पिरिन दिले, निम्म्यांना नुसत्या निरुपद्रवी गोळ्या. जिवंत बाळांच्या संख्येत औषधाचे श्रेय म्हणावे असा फरक पडला नाही; पण औषध घेतलेल्यांत शंभरांतील बासष्ट बाळे दिवस भरण्यापूर्वी जन्मली, दुसऱ्या गटात बारा. आयांचा रक्तदाब व साखर वाढली ती वेगळीच. इंग्लंडात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात थायरॉइडविरोधी प्रतिद्रव्ये आहेत पण ग्रंथी उत्तम चालते, अशा नऊशे बावन्न स्त्रियांपैकी निम्म्यांना थायरॉइडची गोळी दिली. दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात, शंभरांत सदतीस-अडतीस जणींना, मूल झाले.

याच्या उलट, निदान पक्के असले की काय घडते तेही पाहा. १९९७ सालीच लंडनच्या डॉक्टरांनी नव्वद स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचे एपीएसचे निदान तपासणी पुन्हा करून पक्के केलेले होते. पंचेचाळीस जणींना नुसते अॅस्पिरिन दिले. एकोणिसांना मूल झाले. दुसऱ्या पंचेचाळीस जणींना अॅस्पिरिनच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिनचे इंजेक्शन दिले. बत्तिसांच्या घरी पाळणा हलला. एकोणीस आणि बत्तीस यांतले अंतर म्हणजे तेरा घरे. बारा आठवडे धीर धरण्याचे मोल यावरून ध्यानात यावे.

हिंगोलीहून निघालेली वाट

हे सारे लंडन-टोरोंटोचे झाले. आमच्या हिंगोलीकडच्या जोडप्याने काय करावे? १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. मोठी सोय होईल. पण प्रतिकारशक्तीच्या विकारांच्या तज्ज्ञांसाठी अजून बहुतेकांना नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा त्याहून लांब जावे लागते. सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या एखाद्या खेड्यातून निघायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, शेतातले काम राहते आणि 'कुठे चाललात?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. म्हणून जाण्यापूर्वी जवळच्या जवळ जेवढे होईल तेवढे करून घ्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे दोघांनी मिळून जावे. नवऱ्याची वीर्यतपासणी, बायकोचे रक्त, साखर, थायरॉइड आणि सोनोग्राफी, या गोष्टी जिल्ह्यातच होतात. दुसरी गोष्ट क्षयाची. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्यामागे क्षय हे एक मोठे कारण आहे, आणि तो खोकल्याशिवाय ओटीपोटात लपून राहू शकतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे क्षयाची शंका न फेडता दिली, तर लपलेला क्षय उसळतो. सांधे दुखतात म्हणून परस्पर स्टेरॉइडच्या गोळ्या घेण्याची आपल्याकडे सवय आहे, तीही घातक. दुखणे दबते, खुणा पुसल्या जातात आणि तज्ज्ञापुढे गेल्यावर निदान अधिकच अवघड होते.

तिसरी गोष्ट म्हणजे एक वही. पाळीच्या तारखा, गर्भ गेला असेल तर कितव्या आठवड्यात, सकाळी सांधे किती वेळ आखडतात, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर पुरळ येते काय, कोणती औषधे कधीपासून चालू आहेत, हे साध्या मराठीत लिहून ठेवावे. तज्ज्ञापुढे दहा मिनिटे मिळतात. तेवढ्यात घाबरलेल्या बाईला निम्मे आठवत नाही. कागदांच्या फाईलपेक्षा ही वही डॉक्टरांना कित्येकदा अधिक सांगून जाते.

नवस, हळद आणि कायदा

आमच्या भागाला श्रद्धेची मोठी परंपरा आहे. औंढ्याचा नागनाथ येथलाच. हिंगोलीच्या चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक घ्यायला अनंत चतुर्दशीला दूरदूरची माणसे येतात. नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे नरसीही याच जिल्ह्यात आहे, आणि दामाशेटी व गोणाई यांनी विठ्ठलाला साकडे घालून हा पुत्र मिळवला, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. अशा भूमीत नवस करू नका असे सांगणारी मी कोण? मन शांत होत असेल तर नवस जरूर करावा. फक्त देवदर्शनाच्या गडबडीत तपासणीची तारीख टळू नये, एवढे पाहावे.

मात्र देव वेगळा आणि देवाच्या नावाने दुकान मांडणारा वेगळा. स्त्रियांचे वंध्यत्व बरे करण्याची हमी देणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. अलौकिक शक्तीने मूल देतो असे सांगून स्त्रीचा गैरफायदा घेणाऱ्या भोंदूंचा स्पष्ट उल्लेख महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर तो आला. असा उल्लेख कायद्यात करावा लागला, यावरूनच मूल नसलेल्या बाईची अगतिकता किती जणांनी वापरली असेल याची कल्पना यावी.

हळदीचेही तसेच. आमच्या वसमतची हळद बाजारात नावाजलेली. ती भाजीत घालावी, दुधातही घ्यावी. पण 'प्रतिकारशक्तीवर रामबाण' म्हणून हळदीच्या अर्काच्या जालीम गोळ्या विकल्या जातात, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर मुळीच नाही.

नळीतील बाळाच्या उपचाराबद्दलही दोन शब्द. हा मार्ग आपल्या देशाला नवा नाही. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली, इंग्लंडातील पहिल्या अशा बाळानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी. पण चौकशी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने हर्षा जन्मली आणि 'भारतातील पहिली' म्हणून गाजली. पण आनंदकुमारांनी मुखर्जींच्या टिपणवह्या मिळवून बारकाईने वाचल्या, आणि पहिला मान मुखर्जींचा, आपला नव्हे, असे १९९७ साली जाहीर केले. विद्वानांची समितीसुद्धा संशयालाच निकाल समजली, तर त्याची किंमत एका माणसाला किती मोजावी लागते ते यात दिसते.

हा उपचार प्रत्येकाला लागत नाही, आणि लागला तरी दर वेळी फळत नाही. हळदीचे नाहीतर सोयाबीनचे पैसे हाती आले म्हणून लगेच मोठ्या शहरातल्या चकचकीत केंद्राकडे धाव घेऊ नये. २०२१ च्या कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. ती आहे की नाही ते विचारावे, संपूर्ण खर्च लेखी मागावा आणि स्वयंप्रतिकाराचा संशय आधीच सांगून ठेवावा. आजार शांत नसेल तर तेथेही थांबावेच लागते.

घरच्यांसाठी

आता शेवटची गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांसाठी. अशा सुनेचे दुखणे बाहेरून दिसत नाही. ती उभी असते, स्वयंपाक करते, हसते, म्हणून "हिला काय धाड भरलीय?" असे सहज म्हटले जाते. थकवा हा या विकारांत खरा असतो, आळस नसतो. सासूबाईंनी दुपारी तिला तासभर पडू दिले, बारशाला किंवा ओटीभरणाला जायचे की नाही हे तिच्यावर सोडले आणि विचारणाऱ्यांना स्वतःच "आमचे औषधपाणी चालू आहे" एवढे शांतपणे सांगून टाकले, तर कित्येक गोळ्यांचे काम होते. मुलाने तर बायकोच्या आधी बोलावे. "तपासण्या आम्हा दोघांच्या चालू आहेत," हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून चारचौघांत निघाले की वाड्यातली निम्मी कुजबुज बंद पडते.

आणि सारे करूनही मूल झाले नाही तर? तेही घडते. जोतीराव-सावित्रीबाईंनी एका विधवा ब्राह्मण स्त्रीचा मुलगा दत्तक घेतला. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच कामात सावित्रीबाईंना मरण आले. आज दत्तक घेण्याचे काम केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या रीतसर नोंदणीतून होते. दवाखान्यात परस्पर 'मूल मिळवून देतो' म्हणणारा भेटला तर तो गुन्हेगार समजावा. पण दत्तकही घ्यावेच, असा नवा हट्ट त्या जोडप्यापुढे धरू नये. काहींना दोघांचेच घर पुरते, आणि आजार सांभाळत जगायचे तर ते पुष्कळही असते. तो निर्णय त्या दोघांचा. घरच्यांनी तो ऐकून घ्यावा, आणि चहा टाकावा.